खाडीमागून खाडी, घरापर्यंत

माझं माहेर गुहागर आणि घर चौलला. दोन्ही गावं समुद्रालगत, एकाच किनाऱ्यावरची. तरी गुहागरहून चौलला यायचं तर सगळे आधी समुद्राकडे पाठ करतात. चिपळूणला जायचं, महामार्गाला लागायचं, खेड, महाड, माणगाव करत वडखळ गाठायचं आणि तिथून पुन्हा पश्चिमेला वळून अलिबागमार्गे घर. घाईच्या वेळी मीही याच रस्त्यानं येते. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असलं की दुसरा विचारच करत नाही.

पण हाताशी अख्खा दिवस असला, तर मी गुहागरहून चिपळूणकडे न वळता गाडी उत्तरेला धोपाव्याकडे घेते. पुढं दाभोळ, कोळथरे, दापोलीचं मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास, बाणकोट, हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी, मग जंजिऱ्याचं मुरूड, कोर्लई, रेवदंडा आणि चौल. तीन खाड्या फेरीबोटीनं, बाकीच्या पुलावरून. सकाळी सहाला निघालं तर दिवेलागणीला पोचायचं. 'एवढा दिवस गाडीत घालवून मिळतं काय?' असं घरचे विचारतात. मला या रस्त्यानं कोकण कसं रचलेलं आहे ते दिसतं. महामार्गावरून ते दिसत नाही.

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणाच्या वाट्याला अरुंद पट्टी आली आहे. घाटमाथ्यावरून कोसळलेलं पाणी थोडक्या अंतरात समुद्राला मिळतं, त्यामुळे इथल्या नद्या आखूड आणि वेगाच्या. शेवटच्या टप्प्यात मात्र त्या रुंदावतात, भरतीचं खारं पाणी कित्येक मैल आत शिरतं आणि नदीची खाडी होते. वाशिष्ठीची दाभोळ खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी. महामार्ग या नद्या वरच्या अंगाला, जिथं त्या लहान आहेत तिथं ओलांडतो. जुन्या कोकणाचा सगळा व्यवहार मात्र खाडीच्या मुखाशी चाले. गलबतं तिथं लागत, जकात तिथं भरली जाई, किल्ले तिथंच बांधले गेले. दाभोळ, बाणकोट, चौल ही बंदरं अशीच वाढली. गाडीरस्ते खूप नंतर आले आणि ते डोंगराच्या अंगानं आले. म्हणून आज आपण या गावांत मागच्या दारानं शिरतो.

किनाऱ्यानं सलग रस्ता व्हावा हे स्वप्न जुनं आहे. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अ. र. अंतुले हे सावित्रीकाठच्या आंबेतचे. उत्तरेला रेवसपासून दक्षिणेला रेडीपर्यंत सागरी महामार्ग करायचा, ही कल्पना त्यांच्या काळात पुढं आली. नकाशात हा रस्ता कोकणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. जमिनीवर तो गावोगावच्या आधीच्या रस्त्यांचे तुकडे जोडून झालेला आहे, आणि मोठी खाडी आडवी आली की तिथं थांबतो.

कुठला तुकडा कुठल्या दर्जाचा, हे कडेच्या मैलाच्या दगडावरून ओळखता येतं. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. नारिंगी दिसलं तर तो ग्रामसडक योजनेतला रस्ता, म्हणजे २००० सालच्या डिसेंबरात ती योजना सुरू झाल्यानंतरचा. फलकांवर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' अशी अक्षरं असतात: प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. ही उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यात ठरली. माझ्या वाटेवर दिवसभरात यातलं जवळजवळ सगळं भेटतं. नारिंगी दगड दिसला की मी काच खाली करते. तसल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते.

धोपाव्याला पहिल्या फेरीच्या आधीच चार-दोन गाड्या लागलेल्या असतात. बोटीचा लोखंडी फाळका धक्क्याच्या उतारावर टेकला की आतला माणूस हातानं बोलावतो. 'ताई, सरळ या. अजून. अजून थोडं. बास. हॅन्डब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा.' दोन गाड्यांच्या मधे हात शिरेल एवढीच जागा ठेवतात, आणि उरलेल्या फटींत मोटरसायकली बसवतात. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कॉलेजची मुलं, शेळी घेऊन निघालेला एखादा, असे पायी येणारेही भरपूर. मी नेहमी वर जाऊन उभी राहते. दक्षिणेला अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या नावानं देशभर गाजला तो हाच. समोर दाभोळ, डोंगराच्या पायथ्याशी दाटीवाटीनं बसलेलं. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

वाहनं नेणारी ही बोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी माणसं लाँचनं ये-जा करत आणि गाडीवाल्याला चिपळूण, खेड, दापोली असा वळसा पडे. आई बरोबर असली की ती त्याही आधीचं सांगते. तिच्या लहानपणी मुंबईची आगबोट यायची, ती आत न येता बाहेर थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या असं सगळं पडावातून चढायचं-उतरायचं. 'पाण्याला ओढ असली की पडावात पाऊल टाकायला जीव धजायचा नाही. तांडेल हात धरून ओढून घ्यायचा,' असं ती सांगते आणि बोटीचा कठडा घट्ट धरून उभी राहते.

दाभोळला उतरल्यावर पुष्कळ गाड्या तडक दापोलीला निघून जातात. मी धक्क्याजवळच्या जुन्या शाही मशिदीपाशी थांबते. विजापूरच्या आदिलशाहीतलं हे बांधकाम आहे. एके काळी या बंदरातून घोडे, कापड, मिरी यांचा व्यापार चाले आणि मक्केला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसत. १५०८ च्या डिसेंबरात फ्रान्सिश्कु द अल्मैदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हे शहर जाळलं. मशीद त्याच्या दीडशे वर्षांनंतरची. आता मशिदीच्या पायऱ्यांपुढं जाळी वाळत घातलेली असतात, आणि चौथऱ्यावरून सगळी खाडी एका नजरेत येते.

इथून पुढं रस्त्याचा खरा स्वभाव कळायला लागतो. किनाऱ्यालगतचं प्रत्येक गाव समुद्रसपाटीला आहे आणि दोन गावांच्या मधे जांभ्या दगडाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्यामुळे रस्ता एक घाटी चढतो, वर सड्यावर येतो, तिथं मोकळ्यावर मैल-दोन मैल धावतो आणि पुन्हा घाटी उतरून पुढच्या गावात शिरतो. दिवसभर हेच चालू असतं. सड्यावर झाड नाही, घर नाही, काळपट लाल कातळ आणि गवत. श्रावण-भाद्रपदात याच कातळावर बोटभर मातीत निळ्या, जांभळ्या, पांढऱ्या फुलांचे गालिचे पसरतात, दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं. घाटी उतरलं की एकदम गार सावली, माड, पोफळी, पाण्याचा वास.

ही खालची गावं एकाच पद्धतीनं वसलेली आहेत. आधी पुळण, मग सुरूचं बन, मग माडापोफळींचं आगर, आगराच्या तोंडाशी घर, घरापुढं अंगण आणि अंगणापुढं रस्ता. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूलाही घरांची रांग, तिच्या मागं शेतं आणि डोंगर. गुहागर असं आहे, आंजर्लं, केळशी, श्रीवर्धन, दिवेआगर सगळी अशीच. समुद्रानं आणून टाकलेल्या वाळूच्या लांबट बांधावर ही वस्ती उभी आहे, म्हणून गावं लांबच लांब आणि रुंदीला थोडी. पावसाचं पाणी त्या वाळूत मुरतं आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीला गोडं पाणी लागतं ते यामुळेच. त्या पाण्यावर आगर, आणि आगरावर गाव.

रस्ताही अर्थातच त्या आगराच्या मापाचा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधे एका गाडीपुरती जागा. दोन्ही आरसे मिटून घ्यावे लागतात अशाही वाड्या आहेत. समोरून एसटी आली तर निर्णय तिच्या ड्रायव्हरचा. तो दिवा मारून सांगतो, 'तुम्ही मागं घ्या' किंवा 'या तुम्ही', आणि ते ऐकायचं. त्याला कुठल्या घराच्या फाटकापाशी गाडी आत दाबता येते ते पाठ असतं. रात्री गावात मुक्कामाला राहिलेली वस्तीची गाडी पहाटे ज्या वळणावरून सुटते, तिथं बाहेरगावच्या माणसानं हिकमती करू नयेत. घाटीत चढणाऱ्या गाडीचा मान पहिला. उतरताना दुसरा गिअर धरून ठेवायचा, ब्रेकवर पाय रेटत बसायचं नाही. वळणावर हॉर्न द्यायचा आणि क्षणभर उत्तराची वाट बघायची. एवढं पाळलं तर हा रस्ता महामार्गापेक्षा मला कितीतरी सुरक्षित वाटतो. इथं कुणी वेगात नसतं.

वाट विचारायची ती मोबाइलपेक्षा माणसाला. नकाशा सांगतो ते अंतर, माणूस सांगतो तो रस्ता. कोळथऱ्याच्या अलीकडे एका आजोबांना विचारलं, तर ते काठी टेकत गाडीजवळ आले. 'कोळथऱ्याला हाच. पण सड्यावर गेलात की डावीकडं नका वळू हां, ती चिरेखाणीची वाट. दिसते मोठी, पण पुढं नुसता खड्डा.' खरोखरच डावीकडची वाट रुंद होती, चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकनी मळलेली. नकाशावर दोन्ही रेषा सारख्याच दिसत होत्या.

लाडघर, कर्दे करत मुरूड येतं. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. ऐन पोरवयात एका परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर इथून साताऱ्याला चालत गेले, शंभराहून अधिक मैल, सह्याद्री चढून. पोचल्यावर, वयानं फार लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढं स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जे उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः स्टिअरिंगमागं बसून एकटीनं माहेरी येते-जाते, तेव्हा या गावातून जाताना मला त्यांची आठवण होतेच.

हर्णैला पोचायची वेळ मी लिलावावर बेतते. इथं सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर मासळीचा लिलाव होतो. होड्या थेट किनाऱ्याला लागत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात शिरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात जातात आणि शांत उभे राहतात. होडीवरून पाट्या गाडीत येतात, गाडी वाळूवर येते, आणि तिथं माणसांचं कोंडाळं होतं. लिलाव पुकारणारा भराभरा आकडा वाढवत जातो, घेणारा नुसती मान हलवतो. काही पळांत सुरमईचा ढीग कुणाचा तरी होतो आणि लगेच बर्फाखाली जातो. मोठा माल ट्रकनं बाहेर जातो. उरलेल्याचे वाटे लावून बायका तिथंच वाळूवर बसतात: बांगडे, कोळंबी, म्हाकुल, सौंदाळे. एका मावशीनं मला कोळंबी देताना विचारलं, 'जायचं कुठं तुला?' चौल म्हटल्यावर तिनं पिशवी परत घेतली. 'संध्याकाळपर्यंत टिकायची नाही ही. सुके बोंबील घेऊन जा.' मागं समुद्रात शिवकाळापासूनचा सुवर्णदुर्ग उभा असतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात. माझी नजर त्या बैलांवरून हलत नाही.

पुढं जोग नदीच्या पुलावरून आंजर्लं. कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडून मी आडे, पाडल्याच्या बाजूनं केळशीला जाते. केळशीत आवर्जून थांबावं ते खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या टेकडीसाठी. एरवी वाऱ्यानं साचलेल्या वाळूचे ढीग किनाऱ्यावर असतात, तशी ही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी या टेकडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या सुनामीच्या लाटेनं ही वाळू इथं आणून टाकली असावी, असं मत त्यांनी मांडलं. २००४ च्या डिसेंबरात सुनामी हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. पण आपल्याच किनाऱ्यावर पाचशे वर्षांपूर्वीच्या लाटेची खूण उभी असू शकते, हे किती जणांना ठाऊक आहे? टेकडीवर ना कमान, ना नीट वाचता येईल असा फलक. वाळू विकून पैसा होतो अशा दिवसांत ही टेकडी जपली जावी, एवढी कळकळ मी इथं लिहून ठेवते.

वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव, आणि आता कासवांचं गाव म्हणून जास्त माहीत झालेलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आधी जी अंडी माणसं आणि कोल्हे नेत, ती आता कुंपणात पुरली जातात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडली जातात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात घराघरांत पाहुणे असतात. त्या दिवसांत गावातून गाडी अगदी चालीच्या वेगानं न्यावी.

बाणकोटचा किल्ला डाव्या हाताला वर राहतो. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्याला तो घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. खाली सावित्री समुद्राला मिळते. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी ती बारीक धार इथं एवढी रुंद झालेली असते की पलीकडच्या तीरावरचं माणूस ओळखू येत नाही. वेश्वीच्या धक्क्यावर बागमांडल्याच्या बोटीची वाट बघत मी पुष्कळदा बसते, आणि समोर पाण्यात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसत असतात.

या पुलांबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट सांगायला हवं. सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम आता सरकारनं हाती घेतलं आहे. माझ्यासारखीला फेरीबोट आवडते, ती आवड महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाणाऱ्याची आहे. वेश्वीच्या माणसाला श्रीवर्धनचा दवाखाना जवळ, दाभोळच्या मुलांना धोपावं डोळ्यांपुढं दिसतं. रात्री शेवटची फेरी गेली की तेच गाव कोसांवर जातं. धक्क्यावर टपरी चालवणाऱ्या बाईला मी विचारलं, पूल झाला तर तुमचं गिऱ्हाईक जाईल ना? ती म्हणाली, 'जाऊ दे की. रात्री कुणाला दुखायला लागलं तर दिवस उजाडायची वाट तरी बघायला नको.' यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, आणि ते असूही नये. पूल लवकर व्हायला हवेत. आणि ते पक्के व्हायला हवेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीवरचा महाडजवळचा इंग्रजी काळातला पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं माणसांसकट वाहून गेली. तेव्हा शोध या खाडीच्या तोंडापर्यंत आणि त्याच्याही पुढं चालला होता.

माझं मागणं दुसरंच आहे. पूल झाल्यावर त्यांना जोडणारा रुंद रस्ता आगरांवरून जाऊ नये. गडगे पाडून, विहिरी बुजवून, अंगणं कापून चार पदरी डांबर घातलं तर जे बघायला लोक येतात तेच उरणार नाही. नवा रस्ता सड्यावरून नेतानाही जपून न्यावा लागेल. रत्नागिरी, राजापूर भागातल्या सड्यांवर आदिमानवानं कोरलेली कातळशिल्पं सापडली आहेत आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. जिथं अजून कुणी नीट पाहिलेलं नाही, अशा सड्यांवर आधी माणसांनी पायी फिरून घ्यावं, मग यंत्रं न्यावीत.

हरिहरेश्वरला दर्शन घेऊन मी फार वेळ काढत नाही, कारण श्रीवर्धनला थांबायचं असतं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले. पण श्रीवर्धनची ओळख बाजारात आहे ती रोठा सुपारीनं. मोठी, आतून पांढरी, चवीला गोडसर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर मी पहिल्यांदा या रस्त्यानं आले तेव्हा गावात शिरल्यावर क्षणभर कळेना की कुठं आलो. जिथं भर दुपारी सावली असायची तिथं आभाळ दिसत होतं. पोफळी एकावर एक आडव्या, माड मुळासकट उपटलेले, घरांवर कौलं नाहीत. पोफळ उंच आणि बारीक, ती एकटी वाऱ्यापुढं टिकत नाही. आगरात माडांच्या आसऱ्यानं ती उभी असते. माड पडले आणि त्यांच्याबरोबर पोफळी गेल्या.

नवी पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात घर चालवायचं कसं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक आगरवाल्यापुढं होता. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे मी दरवेळी डोकावते. पडलेल्या बागेत त्यांनी आधी केळी लावल्या, केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. गेल्या खेपेला त्या मला मागं घेऊन गेल्या आणि एका झाडाकडे बोट दाखवलं. पानांच्या खाली पहिला तुरा आला होता. 'या वर्षी खायची नाही, आणि विकायचीही नाही. पहिली सुपारी गणपतीपुढं,' काकू म्हणाल्या. अंगणात वाळत घातलेली सुपारी मात्र दुसऱ्याच्या बागेतली होती, मजुरीवर सोलायला आणलेली. हातातली सुरी न थांबवता त्या बोलत राहिल्या. एका हातानं फळ धरायचं, सुरीच्या एका फटक्यानं साल उघडायचं, आतला गर टोपलीत आणि साल मागं. एका लयीत चाललेलं ते काम बघत मी नेहमी ठरवल्यापेक्षा जास्त वेळ बसते.

श्रीवर्धन ते दिवेआगर हा पट्टा साऱ्या रस्त्यात देखणा. आरावी, शेखाडी, भरडखोल असा तो जातो आणि कित्येक ठिकाणी रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त खडक असतात. घरी जाताना हा रस्ता माहेरी येतानापेक्षा जास्त चांगला दिसतो, याचं कारण साधं आहे. उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला आणि आपली बाजूही डावीच. म्हणजे शेजारी बसलेल्याच्या खिडकीखाली थेट पाणी. आईला मी नेहमी तिथं बसवते. चालवणाऱ्यानं मात्र नजर रस्त्यावर ठेवावी आणि बघायचं असेल तर गाडी बाजूला घेऊन उतरून बघावं. शेखाडीच्या आसपास त्यासाठी जागा आहे.

दिघीहून तिसरी बोट. पाण्यात जंजिरा दिसतो, त्याच्या वायव्येला शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. आगरदांड्याला उतरल्यावर मुरूड, काशीद हा भाग ओळखीचा आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीचा, तो मी भरभर मागं टाकते. कोर्लईला गाडी आपोआप हळू होते. डोंगराच्या कुशीतल्या या गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली ख्रिस्ती घरांत बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, बोली मात्र राहिली. दुकानात उभं राहिलं की आपल्याशी मराठीत बोलणारी बाई मागं वळून मुलाला जे सांगते, त्यातला एखादा शब्दच आपल्याला कळतो. पुढं साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडायची. मग रस्ता रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटातून आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे हिंदुस्थानात आला तो चौलच्याच बंदरात उतरला होता. त्याचा स्तंभ रेवदंड्यात आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात ऊन फार, पण करवंदं, जांभळं, रायवळ आंबे रस्त्याकडेला मिळतात. पावसाळ्यात वादळाचा बावटा लागला की बोटी बंद राहतात, आणि रात्री गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, तेव्हा अंधारात निघू नये. टाकी भरून निघावं, पंप तालुक्याच्या गावीच भेटतात. बोटीसाठी आणि वाटेवरच्या खरेदीसाठी सुटे पैसे जवळ हवेत, कारण सड्याखाली मोबाइलला रेंज असतेच असं नाही. जेवायचं असेल तर सकाळीच फोन करून घरगुती खानावळीत सांगून ठेवावं, आयत्या वेळी पोचलात तर चहावर भागवावं लागेल. आणि दिघीची शेवटची बोट किती वाजता ते श्रीवर्धनलाच विचारून घ्यावं. ती चुकणार असं वाटलं तर दिघीपर्यंत जाऊच नये. श्रीवर्धनहूनच म्हसळ्याकडे वळावं, माणगावला महामार्ग मिळतो.